मणके नक्की कुठून मोजायचे? (ऑर्थोच्या रेसिडेंट मंडळींसाठी, बाकीच्यांनीही यावं)

परळचा पाहुणा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितोय कारण झोप लागत नाहीये. ऑर्थो, सेकंड इयर, मुंबईतलंच एक मोठं हॉस्पिटल, नाव विचारू नका.

केस अशी. मशीद बंदरला माथाडी काम करणारे काका, वय ४६. उजवा पाय दोन महिने दुखतोय, कुल्ल्यापासून पोटरीच्या मागून थेट तळव्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत. चवड्यावर चालायला सांगितलं की तीन-चार पावलांत उजवी टाच खाली. उजवीकडे अँकल जर्क, म्हणजे टाचेमागे हातोडी मारल्यावर येणारा झटका, नाहीच. म्हणजे अगदी पुस्तकातला एस१ (सेक्रमच्या, म्हणजे कमरेखालच्या जोडलेल्या हाडाच्या, पहिल्या मणक्याचं मज्जातंतूचं मूळ). एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मात्र शेवटी एल४-५ (लंबरच्या, म्हणजे कमरेच्या, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली डिस्क), उजवीकडे पॅरासेंट्रल एक्स्ट्रूजन, म्हणजे मधोमधच्या जरा बाजूला डिस्क बाहेर निसटलेली. आता एल४-५ची पॅरासेंट्रल डिस्क दाबते एल५ला, एस१ला नाही, हे मला माहीत होतं, तोंडपाठ होतं, आणि तरी मी केस पेपरवर एल४-५ डिसेक्टमी (निसटलेली डिस्क काढणं) लिहिलं कारण रिपोर्टमध्ये तसं छापलेलं होतं. ओटी लिस्टवर तेच, कन्सेंटवर तेच.

ओटीत पातळी दाखवणारी सुई लावायचं काम माझ्याकडे. आदल्या रात्री साधा एक्सरे बघून ठेवला होता, शेवटच्या बरगडीपासून खाली मोजत आलो, एक दोन तीन चार, चौथ्याच्या खाली सुई. सी-आर्मवर (ओटीतल्या एक्सरे यंत्रावर) झकास दिसली, मी मनात खूश. लेक्चरर मॅडम हात धुवून आत आल्या, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "रिपोर्टवाल्याने कुठून मोजलं आणि तू कुठून मोजलंस?"

काकांच्या कमरेत पाच नाही, सहा मणके दिसत होते. सेक्रमचा पहिला मणका सुटा, लंबरसारखा. रिपोर्ट खालून मोजलेला, म्हणजे सगळ्यात खालची डिस्क ती एल५-एस१ आणि तिच्या वरची एल४-५. मी वरून मोजलेलं. त्यामुळे माझं एल४-५ हे त्यांच्या एल४-५च्या बरोबर एक मजला वर. सुई चांगल्या डिस्कवर बसली होती.

मॅडम ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एमआरआयची सॅजिटल (बाजूने दिसणारी) फिल्म सी-आर्मच्या शेजारी उभी केली, तुकडा निसटलेल्या डिस्कच्या पुढच्या बाजूला वरच्या मणक्याला पोपटाच्या चोचीसारखा एक ऑस्टिओफाइट (वाढलेलं हाड) होता, तोच सी-आर्मच्या लॅटरलवर शोधला, आणि सुई एक खाली घेतली. फ्लेव्हम (मणक्यांमधला मागचा लिगामेंटचा पट्टा) काढून मूळ बाजूला केलं तर खाली तुकडा, करंगळीच्या नखाएवढा.

काका बरे आहेत. माझा प्रश्न एवढाच की तुम्ही लोक मोजता कसे? कोणी नीट शिकवलंच नाहीये राव.

अण्णा ऑर्थो
पाहुणे, पहिल्यांदा, लिहिलंस हे उत्तम केलंस. ज्यांच्या हातून असं होता होता राहिलेलं नाही ते एकतर खोटं बोलतात नाहीतर स्पाइन करत नाहीत.

आता मोजणी. मणक्याला नंबर कुठे लिहिलेला नसतो, तो आपण देतो. म्हणून ज्याने दिला त्याला विचारायचं, कुठून मोजलास. खात्रीची मोजणी एकच, वरून. एमआरआय करताना अख्ख्या पाठीचा लोकलायझर (मोजणीपुरता झटपट स्कॅन) घ्यायला सांगायचा आणि सी२पासून (मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून) खाली मोजत यायचं, कारण सी२चा तो डेन्सचा खुंट दुसऱ्या कोणाला नसतो. बरगड्यांवर विसंबू नका, कोणाला अकरा जोड्या असतात, कोणाला तेरा, आणि बारावी बरगडी कधीकधी इतकी आखूड असते की ट्रान्सव्हर्स प्रोसेस (मणक्याची आडवी फांदी) वाटते. इलियोलंबर लिगामेंट एल५पासून निघतं म्हणून ते शोधा असं परीक्षेत सांगतात, पण नेमक्या अशा ट्रान्झिशनल (सीमेवरचा मणका धड लंबर नाही, धड सेक्रम नाही) पेशंटमध्येच ते दगा देतं. अशा मणक्यांचं कास्टेल्व्हीचं वर्गीकरण १९८४चं आहे, चार टाइप, वायव्हाला विचारतात, पाठ करा, पण ते एल५ आहे का एस१ हे त्यातून कळत नाही. फक्त जोड कसा आहे ते कळतं.

आणि एक मुद्दा तुझ्या पोस्टमधून निसटला. "क्लिनिकली एस१ म्हणजे एल५-एस१" हेसुद्धा ट्रान्झिशनलमध्ये डोळे मिटून धरू नकोस. मणके सरकले की मुळांचं कामही एक घर सरकलेलं असू शकतं. अँकल जर्कने तुला काहीतरी जुळत नाही एवढं ओरडून सांगितलं, तिथे थांबायला हवं होतं. पण जागा ठरली ती चोचीवरून. तुमच्या मॅडमने नंबराचा वाद घातलाच नाही, चित्राला चित्र जुळवलं. नाव काहीही द्या, चाकू त्या तुकड्यावर उतरला पाहिजे.

सुईचंही सांगतो. कातडीवर सरळ दिसणारी सुई आत तिरकी गेली तर खालचा मणका सोडून वरच्याकडे बोट दाखवते. म्हणून कातडीवरची सुई ही फक्त छेद कुठे घ्यायचा यासाठी. लॅमिना (मणक्याची मागची कमान) उघडल्यावर हाडावर हत्यार ठेवून दुसरा शॉट, आणि तो सेव्ह करायचा. टेक्निशियन कुरकुरला तरी.

अंधारखोली
मी रेडिओलॉजीवाली. या धाग्यावर सगळं आमच्या नावावर खपेल म्हणून आधीच येते.

पाहुणे, तुम्ही रिपोर्ट परत काढून बघा. माझा नसेल तो, पण आमच्यातले बरेचजण ट्रान्झिशनल दिसलं की वर एक ओळ लिहितात, "मोजणी शेवटची पूर्ण डिस्क एल५-एस१ धरून केली आहे" अशा अर्थाची. ती इम्प्रेशनमध्ये (रिपोर्टच्या शेवटच्या निष्कर्षात) नसते, वर मजकुरात असते, आणि तुम्ही लोक फक्त इम्प्रेशन वाचता. दुसरं, फॉर्मवर तुम्ही काय लिहून पाठवता? "बॅकेक". बस. कधी "एलबीपी". कुठला पाय, किती दिवस, जर्क आहे का नाही, काही नाही. आम्हाला पाच डिस्क फुगलेल्या दिसतात, त्यातली कुठली दुखतेय हे आम्ही अंगात आल्यावर सांगायचं का?

आणि साधा एक्सरे सोबत पाठवत जा की. पेशंटच्या पिशवीत, शिधापत्रिकेच्या आणि जुन्या इसीजीच्या मध्ये घडी घालून ठेवलेला असतो, तो बाहेर काढायला अर्धा मिनिट लागतं.

परळचा पाहुणा
@अंधारखोली, आत्ता जाऊन बघितलं. ती ओळ आहे. दुसऱ्या परिच्छेदात आहे. मी वाचली नव्हती. फॉर्मवर काय लिहिलं होतं ते विचारू नका.

कट्टाकटर
लोकहो पातळीचं ठीक आहे, मला पाण्याचं, म्हणजे मुळांभोवतीच्या द्रवाचं, बोलायचंय. मी आता फेलोशिपला आहे, ही गोष्ट सेकंड इयरची, दुसऱ्या शहरातली. सत्तरीच्या आजी, लंबर स्टेनोसिस (कमरेतली कण्याची नळी अरुंद), फ्लेव्हम असं जाड की चामडं. सरांनी केरिसन (हाड चावून काढायचं हत्यार) माझ्या हातात दिला, म्हणाले दोन चावे घे. पहिला चावा छान. दुसऱ्याला हात थोडा जड लागला, मी ओढला, आणि एकदम जखमेत स्वच्छ पाणी भरायला लागलं, नळाचा वॉशर गेल्यासारखं. मला वाटलं संपलं सगळं. सर शांत, पॅटी (ओल्या कापसाचा चपटा तुकडा) ठेवली, त्या पॅटीवरूनच सक्शन, मला म्हणाले नुसतं सक्शन आत घालशील तर मुळांचे धागे ओढले जातील. मग आधी हाड थोडं जास्त काढून भोकाच्या दोन्ही कडा नीट उघड्या केल्या, ६-० प्रोलीनने शिवलं, भूलवाल्या डॉक्टरांना वल्साल्व्हा द्यायला (गळती तपासायला छातीतला दाब वाढवायला) सांगितलं, टिपूस आला नाही. फॅशिया (स्नायूंवरचं आवरण) एकदम घट्ट. आजी दोन दिवस सपाट झोपून, तिसऱ्या दिवशी बसवलं, डोकं दुखलं नाही.

हात जड लागला म्हणजे काय ते नंतर कळलं. ड्युरा (ते पाणी धरून ठेवणारं आवरण) फ्लेव्हमला चिकटलेला होता आणि मी पेनफील्डने (बोथट हत्याराने) न सोडवता चावलो. केरिसनचं पाऊल हाडाच्या आतल्या बाजूला घासून ठेवायचं, चावण्याआधी किंचित हलवून बघायचं, खालचं काही सोबत हलतंय का. हलत असेल तर चावायचं नाही. एवढंच आहे ते, पण हे वाचून येत नाही.

आता खरा त्रास. ऑपरेशन नोट मी लिहिली आणि त्यात ते लिहिलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं लपव म्हणून. मलाच लाज वाटली.

अण्णा ऑर्थो
@कट्टाकटर, मग सरांनी सही करताना काय केलं?

कट्टाकटर
नोट परत दिली. म्हणाले, समज रात्री आजींची पट्टी भिजली तर ड्युटीवरच्या पोराला ते पाणी कसलं हे कुठून कळणार? परत लिहिली. मुलालाही सरांनी स्वतः सांगितलं, माझ्यासमोर, "आवरण फाटलं होतं, शिवलंय, दोन दिवस झोपून ठेवणार." मुलाने फक्त विचारलं, चहा चालेल का आईला.

भूलवाला
आमची आठवण फक्त वल्साल्व्हाला येते हे बघून डोळे पाणावले. ☺

दोन गोष्टी माझ्या बाजूने. पेशंट पालथा केल्यावर पोट मोकळं लोंबतंय का हे स्वतः हात घालून बघा. पोट दाबलं की खालच्या व्हीना कॅव्हातलं रक्त कण्याभोवतीच्या बॅटसनच्या शिरांकडे वळतं, त्यांना झडपा नसतात, आणि मग तुम्ही मला विचारता "एवढं ऊझिंग का होतंय हो?" तुमच्या बोल्स्टरमुळे (अंगाखालच्या उशांमुळे) होतंय. डोळ्यांवर दाब नाही ना हे मी बघतोच, तुम्हीही बघा, लांबलेल्या केसमध्ये दृष्टी गेल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत.

दुसरी गोष्ट जास्त भीतीची. डिस्क काढताना पिट्युटरी फोर्सेप (तुकडे ओढायचा चिमटा) पुढच्या अन्युलसमधून (डिस्कच्या बाहेरच्या कड्यातून) पार गेला तर पलीकडे काय आहे? महाधमनी एल४ला दुभागते, म्हणजे एल४-५च्या पुढ्यात कॉमन इलियाक धमन्या आणि शिरा. तिथे भोक पडलं तर तुमच्या जखमेत रक्त दिसेलच असं नाही, ते पोटात मागच्या बाजूला साठतं. तुम्हाला फील्ड कोरडं दिसतं आणि मला बीपी पडताना दिसतं. अशा वेळी मी "थांबा" म्हटलं की थांबा. "सर अजून एकच तुकडा" नको. पेशंट उलटायचा, व्हॅस्क्युलरला हाक मारायची, पोट उघडायचं. आम्हाला शिकवणारे सर तुमच्या लोकांना फोर्सेपवर तीन सेंटीमीटरवर खूण करायला लावायचे, तिच्या पलीकडे जायचं नाही.

फिजिओताई
या सगळ्या चिरफाडीत मी एक बिनचिरफाडीची सांगू का.

आमच्या डिपार्टमेंटला एक रिक्षावाले दादा आले, डावं पाऊल पडलेलं, फूट ड्रॉप. हातात एमआरआय, त्यात एल४-५ बल्ज (डिस्कचा फुगवटा), आणि बाहेरच्या एका क्लिनिकमधून ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळालेली. नोंदीत "ईएचएल कमजोर, एल५". बरोबरच होतं, अंगठा वर येतच नव्हता. मी म्हटलं दादा, पाऊल आत वळवा. वळवलं, माझ्या हाताला न जुमानता वळवलं. मग कुशीवर झोपवून पाय वर उचलायला सांगितला, ग्लुटियस मीडियस ठणठणीत. एल५ गेला असता तर टिबियालिस पोस्टीरियर आणि ग्लुटियस मीडियस दोन्ही ढिले पडायला हवेत ना? पाऊल वर येत नाही पण आत जोरात वळतं, म्हणजे मूळ नाही, गुडघ्याखाली फिब्युलाच्या मानेपाशी कॉमन पेरोनियल मज्जातंतू. तिथे बोटाने टिचकी मारली तर दादांच्या पायावर झिणझिण्या. मग हळूहळू बाहेर आलं, गणपतीत मखराचं काम करत सलग तीन दिवस उकिडवे बसले होते. नर्व्ह कंडक्शन केलं, तेच निघालं. ऑपरेशन रद्द. तीन-साडेतीन महिन्यांनी पाऊल आलं.

आणि तो बल्ज? तो त्यांच्याकडे आधीपासून असणार. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा २०१५चा मोठा आढावा आहे, त्यात चाळिशीतल्या ५० टक्के लोकांना बल्ज होता आणि ८०व्या वर्षी ८४ टक्क्यांना. निम्म्या चाळिशीला फूट ड्रॉपशिवाय बल्ज असेल तर फूट ड्रॉपसोबत दिसलेला बल्ज गुन्हेगार कसा ठरवायचा?

लोकलवारी
मी डॉक्टर नाही, चुकून आलो आणि सगळं वाचलं, घाबरलो. विरार ते चर्चगेट रोज उभं राहून जातो, कंबर धरते, डावा पाय कधी कधी मुंग्या. एमआरआयमध्ये दोन बल्ज. कोणी म्हणतं काढून टाक, कोणी म्हणतं काढलं की कायमचा पांगळा. काय करू?

अण्णा ऑर्थो
लोकलवारी, न तपासता सल्ला देणं म्हणजे वरच्या सगळ्या पोस्टींवर बोळा फिरवणं, तेव्हा जवळच्या ओपीडीत दाखवा, आणि ज्याने पायाला हात न लावता फक्त फिल्म बघितली त्याच्याकडून उठून या. बहुतेकांची डिस्कची कळ ऑपरेशनशिवाय उतरते. पण हे मात्र आजच लक्षात ठेवा, लघवीला लागूनही होत नाही, किंवा झालेली कळत नाही, बसायच्या जागेला, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तो भाग, बधिर वाटतो, दोन्ही पायात कळ, यातलं काहीही झालं तर ओपीडीची वाट बघायची नाही. त्याच रात्री कॅज्युअल्टी.

आणि रेसिडेंट पोरांनो, हेच तुमच्यासाठी. प्रौढांत कण्याची दोरी एल१-२ला संपते, खाली घोड्याच्या शेपटासारखी मुळं, त्या सगळ्यांवर एकदम दाब आला की कॉडा इक्विना. रात्री दोनला असा पेशंट आला की सकाळच्या राउंडपर्यंत ठेवू नका. लघवी करून झाल्यावर ब्लॅडर स्कॅन करा, २००च्या वर मिली उरलं असेल तर गाडी सुरू करा. पीआर (गुदद्वाराची बोटाने तपासणी) करा, सिस्टरना सोबत घेऊन, पेशंटला समजावून. टाचणीने सॅडल तपासा. लाज वाटते म्हणून ही तपासणी गाळलेले केस पेपर मी बघितलेत आणि त्या पेशंटांच्या कॅथेटरच्या पिशव्याही.

लोकलवारी
तसलं काही नाही अण्णा. शनिवारी दाखवतो. धन्यवाद.

सायनकडचा
+१ अण्णा. अवांतर होईल पण मुंबईत राहून टीबीचा मणका विसरलात तर नाक कापलं जाईल. पर्सिव्हल पॉटने १७७९ला वर्णन केलं, आपल्याकडे आजही वॉर्डात दर महिन्याला आहेच. पाठ दुखतेय, वजन उतरलंय, संध्याकाळी अंग कोमट, आणि एक्सरेत दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा खाल्लेल्या, मधली डिस्क बसलेली. ट्यूमरमध्ये बहुतेकदा डिस्क बरीच शाबूत राहते. सोवासचा (कण्यालगतच्या स्नायूतला) गळू मांडीच्या मुळाशी गाठ म्हणून येतो, तो सर्जरीवाले हर्निया म्हणून पाठवतात, हलके घ्या. पण भांडण माझं एका गोष्टीवर आहे, बायोप्सी न करता एकेटी (टीबीची औषधं) सुरू करणं. आपल्या शहरात रेझिस्टंट जंतू आहेत. सीटी गायडेड बायोप्सी, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी), कल्चर पाठवा, मग गोळ्या. सहा महिन्यांनी "आराम नाही" म्हणत आलेल्या माणसाच्या फाइलमध्ये जंतूचा एकही कागद नसला की डोकं फिरतं.

कट्टाकटर
मानेचं कोणीच बोललं नाही म्हणून एक. समोरून केलेल्या मानेच्या ऑपरेशननंतर रात्री पेशंट "गिळता येत नाही" म्हणाला तर ते बहुधा रिट्रॅक्टरमुळे, बऱ्याच जणांना होतं. पण मान फुगतेय, आवाज बदललाय, बसूनच राहायचंय म्हणतोय, तर हिमॅटोमा (आत साठलेलं रक्त), श्वासनळी दाबली जातेय. स्कॅनला न्यायचं नाही, तिथेच बेडवर टाके उघडायचे. आमच्या युनिटला अशा पेशंटच्या उशाशी टाके काढायची कात्री टेपने चिकटवलेली असते, मामांनाही माहितीये ती हलवायची नाही. आणि मानेच्या डीकम्प्रेशननंतर (दाब काढायच्या ऑपरेशननंतर) दोन-तीन दिवसांनी खांदा उचलत नाही, डेल्टॉइड गेलाय, बाकी सगळं ठीक, तर सी५ पाल्सी, म्हणजे सी५ मुळाचा लकवा. स्कॅनमध्ये काही दाबणारं नसेल तर बहुतेकांचा परत येतो, पण महिने लागतात. हे कन्सेंटच्या वेळीच सांगा.

भूलवाला
ती कात्री आमच्याकडेही सुरू करायला सांगतो.

परळचा पाहुणा
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं.

अपडेट. काका आज ड्रेसिंगला आले होते. पायाची कळ गेलीये, अँकल जर्क अजून नाही, टाच थोडी सुधारलीये. ओझं कधी उचलू विचारत होते, मॅडमनी हातानेच नाही म्हटलं. ऑपरेशन नोटमध्ये मी "एल४-५" पुढे लिहिलंय, "मोजणी खालून, लंबरसारखे सहा मणके, वरून मोजल्यास एल५-एस१". उद्या परत कोणी यांची पाठ उघडली तर त्याला चोच शोधत बसायला नको. काकांच्या डिस्चार्ज कार्डावरही लाल पेनने तेच.

परवाच्या लिस्टवर अजून एक डिस्क आहे. आज संध्याकाळी फॉर्म भरून एमआरआय फिल्मसोबत एक्सरे पाठवलाय, दोन्ही फिल्म टेपने जोडून.

अंधारखोली
डावा पाय, सहा आठवडे, एसएलआर (पाय सरळ उचलायची चाचणी) ४० अंशाला, उजवा उचलला तरी डावीकडे कळ, ईएचएल ३/५, नी जर्क अँकल जर्क ठीक, "कृपया सी२पासून मोजावे". तो फॉर्म तुमचा का? आमच्याकडे काउंटरवरच्या मावशींनी दोनदा विचारलं, हा पेशंट नक्की ऑर्थोचाच आहे ना.